शहाण्णव म्हणजे शंभर नव्हे

निरीक्षकबाई रविवारी सायकलवरून शंभर किलोमीटर जाणार, हे नक्की झाल्यावर शनिवारी संध्याकाळी त्यांचे यजमान जेवणाच्या टेबलाशी कागद-पेन्सिल घेऊन बसले आणि बाईंना काय काय होऊ शकतं याची यादी करू लागले.

"सात. मधमाश्या."

"मधमाश्या?" बाई सायकलच्या साखळीला तेल घालत होत्या.

"चार वर्षांपूर्वीचा दावा आहे. माणूस सायकलवरून चालला होता. तोंड उघडं होतं."

"मी तोंड मिटून चालवीन."

"तू? पाच तास?" आतल्या खोलीतून बाईंच्या नणंदेने विचारलं.

यात यजमानांचा हेतू वाईट नव्हता. ते विमा कंपनीत दाव्यांची छाननी करत. सव्वीस वर्षं रोज दहा ते साडेपाच, कोणाचा पाय कशात अडकला आणि कोणाच्या डोक्यावर काय पडलं, हेच वाचून त्यांची पक्की समजूत झाली होती की सकाळी घराबाहेर पडलेला माणूस संध्याकाळी परत येतो तो केवळ नजरचुकीने. नणंद त्यांच्याहून सहा वर्षांनी मोठी. मोठ्या इस्पितळातून मेट्रन म्हणून निवृत्त झाली होती, त्यामुळे घरीदारी तिला मेट्रनताईच म्हणत. घरातल्या माणसांना ती अजून वॉर्डातल्या पेशंटांसारखंच वागवायची.

बाई स्वतः वजनमाप कार्यालयात निरीक्षक. दुकानातले तराजू, गोदामातले काटे, पेट्रोलपंपावरची मापं तपासायची आणि बरोबर असतील तर सील ठोकायचं, हे त्यांचं काम. एकोणपन्नासाव्या वर्षी गुडघे कुरकुरू लागले म्हणून त्यांनी सायकल घेतली आणि सात महिन्यांत ती त्यांच्या अंगात भिनली. गावात सायकलवाल्यांचं एक मंडळ होतं. त्याचा नियम एकच, एका दिवसात शंभर किलोमीटर करून दाखवलं की नाव मोठ्या नोंदवहीत चढायचं. जाताना पन्नास, येताना पन्नास. पन्नासाव्या किलोमीटरला एक तलाव होता आणि तिथे मंडळाचे प्रमुख शिक्का घेऊन बसत. त्यांना सगळे कॅप्टन म्हणत. ते जहाजावर किंवा सैन्यात कधीच नव्हते, आयुष्यभर लिफ्ट दुरुस्त करत होते, पण टोपी तशी घालायचे.

सायकलला लावलेल्या मीटरवर बाईंचा विश्वास नव्हता, कारण त्यावर कोणाचंच सील नव्हतं. म्हणून त्यांनी ऑफिसातली पोलादी टेप आणून मागच्या गल्लीत शंभर मीटर मोजले, खडूने रेघा मारल्या आणि त्या दोन रेघांमध्ये चाळीस खेपा घालून मीटर असा जुळवून घेतला की तो आता खोटं बोलायचं म्हटलं तरी बोलू शकला नसता.

"हे बघ," यादी एकोणिसाव्या आकड्यावर आली तेव्हा यजमान म्हणाले, "तू जा. माझी ना नाही. पण मी मागून गाडी घेऊन येणार."

"अहो, कशाला?"

"आधाराला. तुला मधेच काही झालं तर?"

"आणि मीही येणार," मेट्रनताई बाहेर येऊन म्हणाल्या. "रक्तदाब मोजायला कोणीतरी हवं."

तोंड मिटून राहायची सवय आतापासूनच केलेली बरी, असा विचार करून बाई गप्प बसल्या.

सकाळी साडेपाचला बाई निघाल्या. मागे दहा फुटांवर गाडी, तिचे चारी दिवे लुकलुकताहेत. गाडीत घडीची खुर्ची, पाण्याच्या आठ बाटल्या, केळी, पाव, पट्ट्या, मलमं, रक्तदाबाचं यंत्र आणि एक दुर्बीण. बाईंचा फोनही गाडीतच होता. मागच्या खिशात फोन ठेवून पडलेल्या माणसाचा दावा यजमानांनी स्वतः तपासला होता आणि तो फोन शेवटी कुठून काढावा लागला हे ते जेवताना सांगत नसत.

ताशी अठराच्या वेगाने वरात चालली. मागे एक ट्रक अडकला, ट्रकच्या मागे दोन मोटारी. कोणीतरी कोणाला शेवटचं पोहोचवायला चाललंय असं वाटून समोरून येणाऱ्या एका म्हाताऱ्याने डोक्यावरची टोपी काढली.

"खड्डा!" यजमान खिडकीतून ओरडायचे. तोवर बाई खड्ड्यातून बाहेर आलेल्या असायच्या.

"पाणी पी!"

"पाठ सरळ!" हे मेट्रनताई.

सव्विसाव्या किलोमीटरला बाई थांबल्या. पाय उत्तम होते, कान दुखत होते.

"अहो, तुम्ही असं करा. पुढे जाऊन थांबा. टेकडीच्या पलीकडे तो पूल आहे ना, तिथे. मी मागून येतेच."

"आणि मधल्या सहा किलोमीटरमध्ये काही झालं तर?"

"तर तुम्हाला दुर्बिणीतून दिसेल."

हे यजमानांना पटलं. गाडी पुढे गेली. त्यानंतरचे सहा किलोमीटर बाई अशा चालल्या की जणू सायकलला पंख फुटलेत. एका बाजूला खडीच्या खाणी, दुसऱ्या बाजूला मोकळं माळरान, रस्त्यावर चिटपाखरू नाही. बाई चक्क गुणगुणल्या. तोंड उघडून.

पुलापाशी पोहोचल्या तेव्हा मीटर बरोबर बत्तीसवर होता. गाडी रस्त्याच्या कडेला उभी होती, इंजिन चालू होतं, दिवे लुकलुकत होते. यजमान एका बाजूला, मेट्रनताई दुसऱ्या बाजूला. दोघांनीही काचांना कपाळं टेकवली होती.

"काय झालं?"

"काही नाही," यजमान म्हणाले. गळ्यात दुर्बीण लटकत होती. "किल्ली आत आहे."

झालं होतं ते असं. बाई दमून येतील, त्यांना थंड गाडीत बसता यावं म्हणून यजमानांनी इंजिन चालूच ठेवलं आणि दुर्बीण घेऊन ते पुलाच्या कठड्यावर चढले. मेट्रनताई पाय मोकळे करायला उतरल्या. तीस वर्षं औषधांच्या कपाटाला कुलूप घालण्यात गेलेल्या बाईला उघडं दार म्हणून बघवत नाही. त्यांनी गाडीभोवती एक फेरी मारली, चारी दारांच्या खिट्ट्या एकेक करून दाबल्या, दारं लावली आणि ओढून बघितली. मग मोठ्या समाधानाने भावाला सांगितलं, "गाडी नीट बंद केली हं."

"मला वाटलं, किल्ली याच्या खिशात असेल," त्या आता म्हणाल्या.

"इंजिन चालू होतं, ताई!"

"मला इंजिनाचं काय कळतंय? माझ्यासमोर माणूस चालू आहे की बंद, एवढं मी सांगेन."

तिघांचे फोन आत. पाणी आत. केळी आत. घडीची खुर्चीसुद्धा आत. काखेत कळसा म्हणतात तो निदान काखेत तरी असतो, हा काचेपलीकडे होता.

"काच फोडू या," बाई म्हणाल्या आणि दगड शोधू लागल्या.

"खबरदार!" यजमानांनी गाडीसमोर हात पसरले. "स्वतः केलेलं नुकसान. दावा नामंजूर होतो. गेल्या वर्षी असे चौदा दावे मीच नामंजूर केलेत."

"मग दावा करू नका."

यजमानांनी बायकोकडे असं पाहिलं, की एवढी वर्षं आपण कोणाबरोबर संसार केला.

तेवढ्यात खडीचा एक रिकामा ट्रक आला. तो खाणीकडे, म्हणजे उलट्या दिशेला चालला होता. चालकाने मोठ्या मनाने फोन पुढे केला. "करा की. कोणाला करायचाय?"

 तिघांतल्या एकालाही एकही नंबर पाठ नव्हता. अखेर यजमानांना एक आठवला. त्यांनी तो लावला. 'आमचं कार्यालय रविवारी बंद असतं. आपला दावा आमच्यासाठी महत्त्वाचा आहे,' असं एका गोड आवाजाने सांगितलं. यजमानांनी ते दोनदा ऐकलं आणि फोन परत दिला.

"दुसरी किल्ली घरी आहे ना?" बाईंनी विचारलं.

"आहे. लोखंडी पेटीत. पाकिटावर 'महत्त्वाचं' लिहिलंय. घराची किल्ली खालच्या शिलाईवाल्या काकूंकडे."

"मग कोणीतरी जायला हवं."

"मी गाडी सोडून जाऊ शकत नाही. इंजिन चालू असताना गाडीच्या मालकाने हजर राहणं बंधनकारक आहे. कलम नऊ."

मेट्रनताईंनी स्वतःच्या गुडघ्यांकडे बोट दाखवलं.

मग दोघांनीही सायकलकडे पाहिलं.

"तलावावर कॅप्टन वाट बघत असतील हो," बाई म्हणाल्या.  सात महिने त्या या दिवसाची वाट पाहत होत्या. समोर फक्त अठरा किलोमीटरवर तो तलाव होता आणि पायांत दमही होता.

"तलाव कुठे पळून जातोय का?" यजमान म्हणाले. "आणि लवकर ये. पेट्रोलचा काटा लाल रेघेवर आहे."

"तुम्ही टाकी भरली नाहीत?"

"पुढच्या पंपावर भरणार होतो. त्याचं माप बरोबर असतं, असं तूच म्हणाली होतीस."

यावर बोलण्यासारखं पुष्कळ होतं, पण बाईंनी सायकल वळवली.

शिलाईवाल्या काकू दारातच मशीनवर उशीचे अभ्रे शिवत बसल्या होत्या. बाईंना बघून त्यांचं मशीन थांबलं.

"इतक्यात आलीस? झाले शंभर?"

"चौसष्ट."

"मग परत का आलीस?"

"किल्ली राहिली."

"शंभर किलोमीटरला किल्लीसुद्धा लागते?" काकूंनी घराची किल्ली काढून दिली. "ते सायकलचं सोप्पं म्हणतात ते खोटंच म्हणायचं."

लोखंडी पेटीत 'महत्त्वाचं' लिहिलेली पाकिटं अकरा होती. बाईंनी एकेक उघडलं. पहिल्यात घराचा विमा, दुसऱ्यात गाडीचा, तिसऱ्यात पहिल्या दोघांच्या प्रती. पाचव्यात यजमानांच्या शाळेतलं हजेरीचं बक्षीस. नवव्यात बाईंचा लग्नाआधीचा एक फोटो. तो त्या उभ्या उभ्या बघत राहिल्या, मग लगबगीने परत ठेवला. किल्ली बाराव्या पाकिटात सापडली. त्यावर 'इतर' असं लिहिलं होतं.

बाईंनी नळाला तोंड लावून पाणी पिऊन घेतलं, सायकलची बाटली भरली, पावाचे चार तुकडे कोरडेच खाल्ले, थोडे पैसे खिशात घातले आणि खाली आल्या. जिना उतरताना मांड्या भरून आल्याचं पहिल्यांदा जाणवलं. काकूंनी एव्हाना विचार करून ठेवला होता.

"माझा जावई आज घरीच आलाय. त्याची स्कूटर आहे. पत्ता सांग, अर्ध्या तासात किल्ली पोहोचती करील. तू आडवी हो बघू. चेहरा बघ कसा झालाय."

बाई सायकलच्या सीटवर हात ठेवून उभ्या राहिल्या. बोलणं अगदी शहाणपणाचं होतं. अंथरूण वीस पायऱ्या वर होतं. मीटरवर चौसष्ट होते. चौसष्ट हा काही वाईट आकडा नाही. त्यांनी मनातल्या मनात तो दोनदा म्हणून पाहिला आणि दोन्ही वेळा तो शंभरापेक्षा छत्तीसने कमी भरला.

"नको," त्या म्हणाल्या. "त्यांना गाडी सापडायची नाही."

त्या संपूर्ण रस्त्यावर चारी दिवे लुकलुकवत उभी असलेली ती एकच गाडी होती. पण काकूंना ते माहीत नव्हतं आणि बाईंनीही सांगितलं नाही.

परतीचा तो बत्तीस किलोमीटरचा रस्ता सकाळी दोनदा पाहिला होता. तिसऱ्यांदा तो वेगळाच निघाला. सकाळी जिथे सपाट होतं तिथे आता चढ होता, आणि चढ होता तिथे चढच होता. वारा समोरून. ऊन डोक्यावर. सत्तराव्या किलोमीटरला बाईंची मान आखडली, अठ्ठ्याहत्तराव्याला तळहात बधिर झाले. पंच्याऐंशीच्या पुढे सीट नावाच्या वस्तूविषयी त्यांची जी मतं झाली, ती सरकारी नोकराने उघड बोलून दाखवावीत अशी नव्हती. त्या पाढे म्हणू लागल्या. सतराच्या पाढ्यात दोनदा चुकल्या, तेव्हा घाबरून पाणी प्यायल्या.

पण गंमत अशी की मधे कुठेतरी, खाणींच्या आसपास, दुखायचं थांबलं नाही तरी त्याचं काही वाटेनासं झालं. पाय आपले फिरत होते. कोणी 'खड्डा' म्हणत नव्हतं. खड्डा आला की तो त्यांचा त्यांनाच दिसत होता.

पूल आला. मीटर शहाण्णव.

गाडी आता गप्प होती. दिवेही मंदावले होते. यजमान कठड्याच्या एका टोकाला बसले होते, मेट्रनताई दुसऱ्या टोकाला, आणि दोघांची तोंडं दोन दिशांना.

"तुम्ही बोलत नाही आहात का?" बाईंनी सायकलवरूनच विचारलं.

"विचार तुझ्या नवऱ्याला," मेट्रनताई म्हणाल्या. "मी एवढंच म्हणाले की लहानपणीही हा असाच वस्तू विसरायचा."

"इंजिन कधी बंद पडलं?"

"सव्वादहाला," यजमान म्हणाले. आवाज असा, जणू घरातलं माणूस गेल्याची वेळ सांगताहेत. "आधी दोनदा खोकली. मग गेली."

किल्ली लागली. दार उघडलं. मेट्रनताई केळ्यांवर आणि यजमान पाण्यावर तुटून पडले. अर्धी बाटली रिकामी करून यजमानांनी गाडी सुरू करून पाहिली. गाडीने नुसता उसासा टाकला.

"पंप कुठे आहे?" बाईंनी विचारलं.

"पुढे. पावणेदोन किलोमीटरला थोडं कमी. पण आता तू नको. मी चालत जातो," यजमान म्हणाले आणि ते मनापासून म्हणाले. बायकोचा चेहरा बघून त्यांना एकाच वेळी नऊ दावे आठवले होते.

"आता तू बस," मेट्रनताईंनीही बाईंची नाडी धरली. "एकशे बेचाळीस. अगं, तुझी पडायची वेळ झालीये. शहाण्णव म्हणजे शंभरच की. चार इकडे, चार तिकडे."

हे त्या बोलल्या नसत्या तर बाई कदाचित खरंच बसल्या असत्या. पण शहाण्णव म्हणजे शंभरच, हे वाक्य त्यांनी उभ्या नोकरीत शेकडो दुकानदारांच्या तोंडून ऐकलं होतं. नऊशे साठ ग्रॅम म्हणजे किलोच की, बाई. चाळीस इकडे, चाळीस तिकडे. अशा प्रत्येकाचा तराजू त्यांनी तिथल्या तिथे बंद केला होता.

"डबा द्या," त्या म्हणाल्या.

डबा नव्हता. एकोणीस संकटांच्या यादीत पेट्रोल संपणं नव्हतं, कारण ते सायकलला लागत नाही. बाई तशाच निघाल्या.

पंपमालक सावलीत खुर्ची टाकून पेंगत होते. डोळे किलकिले केले तर समोर हेल्मेट घातलेली, घामाने निथळणारी वजनमाप निरीक्षक. ते ताडकन उठून उभे राहिले.

"मॅडम! रविवारी? आणि... सायकलवर?"

"पेट्रोल हवंय," बाईंना एवढंच बोलण्याइतका श्वास होता. "माप—"

"माप आहे ना! तयार आहे! गुप्त तपासणी असली तरी आपल्याकडे कधीही या." पंपमालकांनी धावत जाऊन पाच लिटरचं पोलादी माप आणलं, तेच, ज्यावर बाईंच्याच हातचं सील होतं. बाई नको नको म्हणेपर्यंत ते काठोकाठ भरून सपाट फरशीवर ठेवलंसुद्धा. "बघा मॅडम. वाकून बघा."

बाई वाकल्या, कारण सवय. माप बरोबर होतं. पण वाकल्यावर सरळ होता येईना. तशाच वाकून त्या एवढा वेळ राहिल्या की पंपमालकांना दरदरून घाम फुटला.

"काही चुकलंय का मॅडम? थेंबभर कमी असेल तर..."

"कंबर," बाई म्हणाल्या.

दोघा-तिघांनी मिळून त्यांना सरळ केलं. मग खुलासा झाला. सुट्या बाटलीत पेट्रोल द्यायचा नियम नव्हता आणि निरीक्षकांदेखत नियम मोडायची तर छातीच नव्हती. शेवटी झाकणाचा एक मंजूर डबा सापडला, त्यात दोन लिटर भरले, आणि तो डबा पाठीला बांधून बाई निघाल्या. पंपमालक नमस्कार करत उभे होते. बाई हा बारा वाजताचा सापळा रचून आपल्याला तपासून गेल्या, असंच ते पुढे सगळ्यांना सांगत.

गाडीजवळ पोहोचल्या तेव्हा मीटरवर नव्याण्णव पूर्णांक चार होते.

यजमानांनी डबा घेतला, झाकण उघडलं, नरसाळं नव्हतं म्हणून यादीच्या कागदाचं केलं आणि ओतता ओतता वर पाहिलं तर बायको पुन्हा सायकल वळवत होती.

"आता कुठे?"

"आलेच."

"अगं पण कुठे? काय राहिलंय आता?"

"सहाशे मीटर."

यजमानांनी बहिणीकडे पाहिलं. मेट्रनताईंनी भुवया उंचावल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या, "ऊन लागलंय. उलटं काही बोलू नकोस. जे म्हणेल त्याला हो म्हण."

बाई रिकाम्या रस्त्यावरून तीनशे मीटर गेल्या. तिथे काहीही नव्हतं. एका दगडाला वळसा घालून त्या परत आल्या. गाडीच्या मागच्या चाकाशी मीटरवर शंभर उमटले. त्यांनी ब्रेक दाबला, पाय खाली टेकवला आणि हँडलवर डोकं ठेवलं.

"झालं," त्या म्हणाल्या.

"हो हो, झालं," दोघं एका सुरात म्हणाली.

सायकलची चाकं काढून ती मागे घातली. परतताना बाईंनी डोळे मिटले, आणि घर आल्यावरच उघडले. वाटेत यजमान समजुतीने म्हणाले, "वाईट वाटून घेऊ नकोस. आज नाही जमलं. परत कधीतरी करू शंभर." बाई झोपेत नव्हत्या, पण उत्तर द्यायला जबडा हलवावा लागतो.

सोमवारी ऑफिसात साहेबांनी अभिनंदन केलं. "शंभर किलोमीटर! वा! कुठून कुठे?"

"घरून गाडीपर्यंत."

"मग?"

"गाडीपासून घरी. मग घरून पुन्हा गाडीपर्यंत."

साहेबांनी बोटाने हवेत तो मार्ग काढून पाहिला. "आणि पोहोचलात कुठे?"

पोहोचणं म्हणजे काय, ते कॅप्टनना पक्कं माहीत होतं.  त्यांनी फोनवर शांतपणे सगळं ऐकून घेतलं आणि सांगितलं, "तुमच्यावर अविश्वास नाही, बाई. पण नियम म्हणजे नियम. तलावावर यावं लागतं. मीटर काय, कोणीही काहीही दाखवील."

माझा मीटर काहीही दाखवत नाही, असं बाईंना ओरडून सांगायचं होतं. त्या नुसतं "बरं" म्हणाल्या. पण तीन दिवस घरात त्या भांडी अशी आदळत होत्या की मेट्रनताईंनी दोनदा रक्तदाब मोजला.

पुढच्या रविवारी मागून कोणीही यायचं नाही, असं त्यांनी चहा पिता पिता जाहीर केलं.  यजमानांनी फक्त एक कागद त्यांच्या हातात ठेवला. त्यावर मोठ्या अक्षरात घरच्या सगळ्यांचे, काकूंचे, काकूंच्या जावयाचे आणि पंपमालकांचे नंबर होते.

बाई एकट्या निघाल्या. पूल गेला, पंप गेला. पंपमालक उठून उभे राहिले, बाईंनी हात केला. आणि मग वळणापलीकडे तो तलाव दिसला. काठावर पत्र्याची शेड, शेडखाली टेबल, टेबलाशी टोपी घालून कॅप्टन. बाजूला मंडळाचे सहा जण केळी खात एकमेकांच्या पाठी थोपटत होते. त्यांतला एक जाडजूड माणूस फोनवर मुलीला सांगत होता, "अगं, अर्धं झालं! शंभरातलं अर्धं! तुझ्या बापाने!" आणि त्याच्या डोळ्यांतून खळखळ पाणी वाहत होतं.

"या, या!" कॅप्टननी नोंदवही उघडली, शिक्का शाईवर टेकवला.

बाई हलल्या नाहीत. त्या मीटरकडे बघत होत्या. सत्तेचाळीस पूर्णांक एक.

"कॅप्टन, इथे पन्नास होत नाहीत."

कॅप्टनचा शिक्का हवेतच राहिला. त्यांनी सहा जणांकडे पाहिलं, मग खुर्ची बाईंच्या जवळ ओढली. "हळू बोला."

"म्हणजे तुम्हाला माहीत आहे?"

"तुम्ही नोकरी कुठे करता?"

"वजनमाप कार्यालयात."

"हे आधी कळलं असतं तर मी तुम्हाला मंडळातच घेतलं नसतं," कॅप्टन खिन्नपणे म्हणाले. त्यांनी टोपी काढून टेबलावर ठेवली. टोपीशिवाय ते अगदी लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या म्हाताऱ्या माणसासारखे दिसत होते. "तो पुढचा रस्ता बघा. तीन किलोमीटर नुसता उभा चढ. पहिल्या वर्षी मी वर बसायचो. तीन महिन्यांत एक माणूस आला. तोही पत्ता विचारायला. मग मी खाली येऊन बसलो."

"पण मग शंभर कशाला म्हणता? चौऱ्याण्णव म्हणा."

"चौऱ्याण्णव किलोमीटर करायला कोण हो घरातून निघेल?" कॅप्टन म्हणाले. "शंभर म्हटलं की माणूस अंथरुणातून उठतो. अठरा वर्षं झाली. दोनशे अकरा नावं आहेत यात. कोणी आपल्या ओळीचा फोटो फ्रेम करून भिंतीला लावलाय." त्यांनी वही थोडी जवळ ओढली. "आता तुम्ही काय करणार? सील?"

बाईंनी त्या फोनवाल्या माणसाकडे पाहिलं. तो आता मुलीला तलाव दाखवायला फोन उंच धरून उभा होता. शंभरात जवळजवळ सहाची तूट. चाळीस ग्रॅमसाठी तराजू बंद केलेल्या माणसाला ही तूट डोळ्यांत खुपत होती. 

"आमच्याकडे तराजू येतात, काटे येतात, लिटर, मीटर सगळं येतं," त्या म्हणाल्या. "रस्ते आमच्या खात्यात येत नाहीत."

कॅप्टननी टोपी परत डोक्यावर चढवली आणि घाईघाईने शिक्का उचलला.

"थांबा," बाई म्हणाल्या. "आजचं नको. माझं मागच्या रविवारचं लिहा."

"तुम्ही इथे कुठे आला होतात?"

"ते बरोबर शंभर होते. लिहा."

कॅप्टननी बाईंच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि निमूटपणे पेन घेतलं. "मार्ग?"

"घर ते गाडी. गाडी ते घर. घर ते गाडी. गाडी ते पेट्रोलपंप आणि परत. गाडी ते दगड आणि परत."

कॅप्टननी ते सुवाच्य अक्षरात, एक शब्द न गाळता लिहिलं. मग चष्मा सावरून वाचून पाहिलं. वरच्या सगळ्या ओळींत 'तलाव' एवढंच होतं, दोनशे अकरा वेळा.

"बाई, ही नोंद जरा विचित्र दिसते."

"पण खरी आहे."

"म्हणूनच दिसते," कॅप्टन म्हणाले आणि त्यांनी शिक्का मारला.